‘अहो’, फक्त एकशे नव्याण्णव

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आमच्या लुडोची किंमत शून्य ठरली. चार माणसांनी दोन तास बसून, चहाचे आठ कप रिचवून शून्य ठरवलं. बाजार हेच चार महिने फुकटात सांगत होता.

हकिकत अशी. पुठ्ठ्याचा पट, लाकडी सोंगट्या, फासा आणि मी लिहिलेलं नियमांचं पत्रक असा आमचा खोका दुकानात साडेचारशेला जातो. गिऱ्हाईक तो हातात घेतं, कानाशी हलवतं, आत खुळखुळ वाजलं की समाधानाने पाकीट काढतं. तोच पट, त्याच सोंगट्या, तोच फासा आम्ही वर्षभर खपून मोबाइलवर आणला आणि एकशे एकोणपन्नासला ठेवला. चार महिन्यांत दोनशे बारा जणांनी घेतला, त्यातल्या नव्वद जणांनी परत केला. एकाने अभिप्राय लिहिला, “यात आहे काय? चौकोन आणि ठोकळा.” का, खोक्यात काय हत्ती असतो?

म्हणून धाकट्या मालकांनी किमती ठरवणारा सल्लागार बोलावला. (थोरले मालक वारले. धाकटे चौतीस वर्षांचे आहेत आणि बोलताना हवेत बोटाने आलेख काढतात.) हा सल्लागार जगातली प्रत्येक किंमत नव्याण्णववर आणून संपवतो, म्हणून मी त्याचं नाव नव्याण्णव ठेवलंय. त्याने विचारलं, “लोक खोका विकत घेतात तेव्हा नेमकं काय विकत घेतात?”

“पट,” मालक म्हणाले.

“पुठ्ठा,” आमची प्रोग्रामर म्हणाली. ही मुलगी दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलते.

“समोर बसायला माणूस,” मी म्हणालो. गंमत म्हणून. चहा संपला होता आणि मला घरी जायचं होतं.

नव्याण्णवने पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टेबलावर सोन्याचं अंडं ठेवलंय. माझा विनोद कोणी गंभीरपणे घेतला की माझं काम वाढतं. ठरलं ते असं: पट फुकट, फासा फुकट, विकायचा तो समोरचा भिडू. बोलणारा, चिडणारा, टोमणे मारणारा. त्याची वाक्यं मी लिहायची, कारण या कंपनीत तिरकं बोलण्याचा पगार फक्त मला मिळतो. मार्चमध्ये चाललं नाही तर मोबाइल विभाग बंद, आणि मी बावन्नाव्या वर्षी गोदामात फासे मोजायला.

६ फेब्रुवारी

तीन भिडू लिहिले. एक पहिलवान, एक वकील, एक प्राध्यापिका. प्रोग्रामरला वाचून दाखवले. तिने भाड्याचा करारनामा ऐकावा तसे ऐकले.

“सर, हे तिघंही तुमच्यासारखे बोलतात.”

“मग? वाईट आहे का?”

“तुमच्याशी पैसे देऊन कोण खेळेल?”

चाळिसातले दहाएक शब्द माझ्यावर खर्च केले, आणि एकही वाया गेला नाही. जाताना म्हणाली, “घरी कोणी खेळतं का? खरं माणूस लागेल.”

७ फेब्रुवारी

ऑफिसचा फोन घरी आणला. त्यात खेळ आहे, आणि खेळताना झालेली प्रत्येक चाल व बोललेला प्रत्येक शब्द साठवायची सोय आहे. संध्याकाळी सातला तो जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला.

बायको नुकतीच दुकानातून आली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून ‘हे स्पष्ट की ते?’ विचारते. मुलगी शिकायला परगावी गेली आणि तिकडेच रमली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही एक डाव खेळलेलो नाही. आधी रोज खेळायचो. का थांबलो कोण जाणे. पट माळ्यावर गेला असेल.

“खेळायचं का?” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. “अहो, बरं नाहीये का तुम्हाला?”

मग हात धुतले, चष्मा पुसला आणि बसली. “पट कुठाय?”

“यातच.”

“एवढासा? यावर खेळलं तर आमच्या दुकानाची भरभराट होईल.”

डाव मी जिंकलो. नेहमीसारखा. पण तिचं तोंड! सहा वर्षं बाटलीत बूच मारून ठेवल्यासारखं. मला पहिलाच सहा पडला तर म्हणाली, “फुगू नका, फासा आहे तो. त्याला माणसाची पारख नसते.” माझी सोंगटी मारली तेव्हा, “घरी जा बाळा, आई वाट बघतेय.” मी विचार करत बसलो तेव्हा, “अहो, चाल करताय की मुहूर्त काढताय?” मी तीन रात्री घासून लिहिलेल्या तीन भिडूंच्या तोंडावर हिने बसल्या जागी बोळा फिरवला.

आवाज साठवला जातोय हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नीट बोलली असती.

११ फेब्रुवारी

ऑफिसात चार दिवसांचं ऐकवलं. धाकट्या मालकांनी डोळे पुसले. नव्याण्णव तर खुर्चीतून अर्धा खाली आला. “ही कोण?”

“आहे एक नात्यातली.”

प्रोग्रामरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत पडद्याकडे.

नव्याण्णवचं मत असं की सगळी जादू ‘अहो’त आहे. त्याने मोजले: चार दिवसांत सतरा प्रकारचे ‘अहो’. हाक मारायचा, दम द्यायचा, ‘कळलं मला’ असा, ‘राहू द्या आता’ असा. एक तर नुसता सुस्काराच, त्याच्या शेवटी ‘हो’ लोंबकळतोय. सव्वीस वर्षं मी हे ऐकतोय आणि मला वाटायचं एकच आहे.

वाक्यं हीच घ्यायची, आवाज नटीचा, असं ठरलं.

१५ फेब्रुवारी

रोज खेळतोय. ती हल्ली साडेसहालाच घरी येते. पूर्वी आठ वाजायचे, दुकानात गर्दी असते म्हणायची. गर्दी ओसरली वाटतं. आज येताना टेबलावर ठेवायचा एक दिवा घेऊन आली, पिवळ्या उजेडाचा. म्हणाली, “फोनकडे बघून बघून डोळे जातील तुमचे, आणि मग माझ्याचकडे याल फुकट तपासायला.” केस पण काहीतरी वेगळे बांधले होते.

दिवा छान आहे, पण घरघरतो. ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. म्हणून मी तो उचलून आतल्या खोलीत ठेवला आणि वरचा जुनाच दिवा लावला. ती काही बोलली नाही. त्यामुळे पहिली दहा मिनिटं कामाची निघाली नाहीत, मग सुरळीत झालं.

१८ फेब्रुवारी

नटी येऊन गेली. तिचा ‘अहो’ हॉटेलात बिल मागवल्यासारखा येतो. बावीस वेळा म्हणून घेतला. शेवटी मालक म्हणाले, “मूळ आवाजच वापरू. तुमच्या नात्यातल्या बाईंची हरकत नसेल ना?”

“नसावी,” मी म्हटलं.

नसावी हा शब्द किती सोयीचा आहे. खोटंही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचं रेकॉर्डिंग उत्तम. डाव रंगात असताना तिने मध्येच सांगायला सुरुवात केली, की दुकानाचा मालक लेकीच्या गावी नवीन शाखा काढतोय आणि ती हिने सांभाळावी असं त्याच्या मनात आहे. महिनाअखेर त्याला उत्तर हवंय. पुढचं वाक्य फार सुरेख सुरू झालं होतं, आणि नेमका तेव्हाच रस्त्यावर कोणीतरी गाढवासारखा हॉर्न दाबून धरला. सगळं गेलं पाण्यात.

मी म्हटलं, “परत म्हण ना. नीट ऐकू आलं नाही.”

तिने फासा टाकायला उचललेलं बोट खाली घेतलं. माझ्याकडे बघितलं. मग परत म्हणाली, आणि दुसऱ्यांदा जास्तच चांगलं म्हणाली:

“मी त्यांना लगेच हो म्हणणार होते. अहो, गेल्या सहा वर्षांत या घरात मी तुमच्यापेक्षा भिंतीशी जास्त बोललेय. भिंत निदान मध्येच उठून जात नाही. पण गेले बारा दिवस तुम्ही रोज समोर बसताय. तर आता माझं मागे-पुढे होतंय. तुम्ही सांगा, काय करू?”

“बघू,” मी म्हटलं. “तुझी चाल आहे.”

‘भिंतीशी जास्त बोललेय’ हे खेळणाऱ्याने फार वेळ लावला तर वापरता येईल. ‘भिंत निदान मध्येच उठून जात नाही’ हे कोणी डाव अर्धा टाकून खेळ बंद करायला गेला तर. नव्याण्णव खूश होईल, लोक उठून जाऊ नयेत हीच त्याची मोठी काळजी आहे.

नोकरीचं ती दर एक-दोन वर्षांनी काहीतरी काढतेच.

२४ फेब्रुवारी

प्रोग्रामरने आज मला बाजूला बोलावलं. भिडूची चाल बसवण्यासाठी तिने आमचे एकतीस डाव तपासले. तर म्हणे, बाईंना माझी सोंगटी मारायची संधी चौऱ्याण्णव वेळा आली, आणि त्यांनी मारली सत्तावीस वेळा. माझी सोंगटी घराच्या तोंडाशी असली तर एकदाही नाही. तेव्हा त्या दुसरीच कुठली तरी सोंगटी उगाच पुढे सरकवतात.

“लक्ष नसेल,” मी म्हटलं.

“सर, त्या मुद्दाम हरतायत.”

सव्वीस वर्षं मी जिंकतोय! लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सलग अकरा डाव जिंकलो होतो, अजून चारचौघांत सांगतो. म्हणजे ते अकरा डावही दानधर्मच होता?

“हा दोष काढून टाक,” मी म्हणालो. “पैसे देऊन घेतलेला भिडू हरत बसला तर लोक परत करतील. समोर दिसली सोंगटी की मारायची.”

“सर, हा दोष नाहीये. विकायचं असेल तर हेच…”

“तुझं लग्न झालंय?”

“नाही.”

“मग.”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दोष काढायला बसली.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, “हे बघ, नीट खेळ. मला कोणाची दया नकोय.”

“दया?” ती म्हणाली. “दया वाटली होय तुम्हाला ती?”

मग खेळली. माझी सोंगटी एकामागून एक पाच वेळा मारली. शेवटची तर घराच्या उंबऱ्यावर. तोंडातून चकार शब्द नाही. पंचवीस मिनिटं नुसता फाशाचा आवाज साठवला गेलाय. काही उपयोग नाही त्याचा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज किंमत ठरली. पट फुकट. पहिलवान फुकट (कोणी तरी फुकट ठेवावा लागतो, म्हणजे बाकीचे महाग वाटतात). वकील नव्याण्णव रुपये. प्राध्यापिका रद्द. आणि आमचा हुकमी भिडू, नाव ‘अहो’, एकशे नव्याण्णव.

मालक म्हणाले, “अजून कमी ठेवू. पट एकशे एकोणपन्नासला परत आला होता.”

नव्याण्णव हसला. “पट वस्तू होती. हे जवळचं माणूस आहे. जवळचं माणूस स्वस्त मिळालं की लोकांना संशय येतो.”

“मग दोनशे ठेवा,” मी म्हणालो.

“दोनशेला लोक विचार करतात,” तो म्हणाला. “एकशे नव्याण्णवला करत नाहीत.”

या माणसाला लाथ मारावी की त्याच्या पाया पडावं हे मला चार आठवड्यांत ठरवता आलेलं नाही.

घरी आलो तर ती दारातच. “काय ठरवलंत? आज सांगायचंय त्यांना.”

क्षणभर मला वाटलं हिला किमतीचं कळलं. मग आठवलं, शाखेचं. डोकं आकड्यांनी भणभणलेलं. म्हटलं, “तुझं तू ठरव. मी कोण अडवणारा?” किती नवरे असं म्हणतात? आमच्या वडिलांनी आईला भाजी आणायला जायचीही मोकळीक दिली नव्हती.

“बरं,” ती म्हणाली, आणि आत जाऊन फोन लावला.

तिचं ‘बरं’ मात्र एकाच प्रकारचं आहे.

१० मार्च

बाजारात येऊन पाच दिवस झाले. अकरा हजार ‘अहो’ गेल्या. वकील तीनशे. धाकट्या मालकांचं बोट हवेत वर वर जातंय, छताला लागेल. मला बढती आणि काचेची खोली देणार आहेत. गोदाम टळलं.

अभिप्राय वाचत बसलो. “माझी आई थेट अशीच बोलायची.” “नवऱ्याला भेट दिली, म्हटलं जाहिराती बघण्यापेक्षा माझ्यासारखीचं ऐक.” “पैसे वसूल, डोकं फिरवते.” एकाने लिहिलंय: “बायको जाऊन दोन वर्षं झाली. काल पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं, चाल करताय की मुहूर्त काढताय. मी मुद्दाम उशीर लावतोय.”

हा शेवटचा तीनदा वाचला. मग चहा घेऊन आलो.

घरी खेळणं बंद आहे. माल पुरेसा जमलाय, आणि ती सामान आवरतेय. महिनाअखेरीस जाणार. “दोन महिने बघते,” म्हणाली. मी म्हटलं, बघ की.

१७ मार्च, सोमवार

कळलं तिला.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला आले होते. बाकावर बसून नंबर यायची वाट बघत फोनवर खेळत होते. आत ही दुसऱ्या कोणाला भिंग लावून ‘हे स्पष्ट की ते?’ विचारतेय, आणि बाहेरून तिचाच आवाज आला: “अहो, झोपलात का?”

तिला वाटलं भास झाला. मग म्हाताऱ्यांची पाळी आली. ती दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, ते खुर्चीतच टाळी वाजवून म्हणाले, “बाई, तुमचा आवाज अगदी आमच्या ‘अहो’सारखा! ऐकायचंय? एकशे नव्याण्णवला घेतली, पण सोन्यासारखी आहे.” आणि तिला अर्धा डाव खेळून दाखवला.

हे सगळं तिने मला उभ्याउभ्याच सांगितलं, पर्स खांद्यावर तशीच. मग स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. तिने विकत घेतली होती. पूर्ण किंमत देऊन.

“चाल करू नका,” ती म्हणाली. “नुसते बसा.”

आम्ही बसलो. मिनिट-दीड मिनिट गेलं. मग फोन बोलला: “अहो, गेल्या सहा वर्षांत या घरात मी तुमच्यापेक्षा भिंतीशी जास्त बोललेय.”

“हे मी तुम्हाला सांगत होते,” ती म्हणाली.

मी म्हटलं, नाव कुठेच नाहीये. म्हटलं, कोणाला कळणार आहे. म्हटलं, लोकांना तू किती आवडतेस बघ तरी, अकरा हजार… आता अठरा. हे मी खरंच म्हणालो. समजूत घालायला.

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात, परत म्हण,” ती म्हणाली. “मी रात्रभर झोपले नव्हते. म्हटलं, इतक्या वर्षांनी यांना माझं बोलणं परत ऐकावंसं वाटलं. ते याच्यासाठी होतं?”

“हॉर्न वाजला होता,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. दुकानात गिऱ्हाईकाने शेवटची ओळ चुकीची वाचल्यावर हलवत असेल तशी. आतल्या खोलीत गेली. मी टेबलाशीच बसून होतो, आणि तिचा फोन तिथेच राहिला होता. मी तो बंद करायला गेलो, तर म्हणाला, “भिंत निदान मध्येच उठून जात नाही.” बंद कसा करायचा ते मला सुचेना. मी बनवलाय तो.

१८ मार्च

काही नाही.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर आधीच गेली. दोन बॅगा, आणि तो पिवळ्या उजेडाचा दिवा. स्टेशनवर येऊ का विचारलं तर म्हणाली, “नको, गाडी मिळेल मला.”

संध्याकाळी लेकीचा फोन. “बाबा, आईने तुम्हाला काही सांगू नको म्हटलंय, म्हणून मी आईचं काही सांगत नाही. माझं सांगते. माझ्या ऑफिसात चार जण ते खेळतात. जेवताना माझ्या आईचा आवाज येतो आणि सगळे हसतात. तुम्ही ते काढून टाका.”

“बघतो.”

“बघू नका बाबा. काढा.”

२५ मार्च

धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, ‘अहो’ काढून टाकू या.

त्यांनी बोट हवेत नेलं आणि तिथेच ठेवलं. “का?”

“बाईंची हरकत आहे.”

“तुम्ही म्हणाला होतात, नसावी.”

“ती माझी बायको आहे.”

“अरे वा!” ते म्हणाले. खरोखर आनंद झाला त्यांना. “मग तर प्रश्नच नाही, घरातलंच आहे. शिवाय ऑफिसच्या फोनवर तयार झालेलं सगळं कंपनीचं. तुमच्याच सहीचा कागद आहे.” मग मऊ आवाजात, “वहिनींना काही मानधन देऊ आपण. काय द्यावं असं वाटतं तुम्हाला?”

दोन महिने मी याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बसत होतो, तेव्हा माझी जीभ कशी सळसळ चालायची. आज मी खुर्ची मागे सरकवली.

बाहेर आलो तर प्रोग्रामर टेबल आवरत होती. राजीनामा दिलाय.

“माझ्यामुळे?” मी विचारलं.

“मीही ऐकत होते ना सर. रोज हेडफोन लावून. एकोणीस तारखेचं मी दोनदा ऐकलं आणि तरी कापून बसवलं.” चाळीसपेक्षा नक्कीच कमी शब्द. जाताना तिने मला नमस्कार केला नाही. करायचं कारणही नव्हतं.

१४ एप्रिल

दुसऱ्या दोन कंपन्यांनी नक्कल काढली. एकीने ‘सासूबाई’ काढली, नव्याण्णव रुपयांना. दुसरीने ‘आत्या’, फुकट, दर तीन चालींनंतर साबणाची जाहिरात. आमचा खप अर्ध्यावर. नव्याण्णव म्हणाला, उतरावं लागेल. ‘अहो’ आता एकोणपन्नास. त्याला मी विचारलं, जवळचं माणूस स्वस्त झालं की संशय येतो ना? तर म्हणाला, “आता ते जवळचं राहिलं नाही. सगळ्यांकडे आहे.” हा माणूस दुष्ट नाही. फक्त बरोबर असतो.

२ मे, शुक्रवार

‘अहो’ आजपासून फुकट. पहिलवानाशेजारी उभी केलीय. खाली साबणाची जाहिरात.

मालकांनी बोलावून सांगितलं, लोकांना तीच तीच वाक्यं कंटाळवाणी झालीत, नवीन भरणा हवा. “वहिनी सुट्टीवर येतील तेव्हा बघा जरा. फोन घेऊन जा ऑफिसचा.”

मी फोन घेतला नाही. हे मी फार मोठं काही केलं असं वाटून दुपारभर छाती काढून फिरत होतो.

९ मे

दोन महिने संपत येतील आता, म्हणून तिला फोन केला. माझ्या फोनवरून, भर दुपारी, ती दुकानात असताना. शाखा चांगली चाललीय असं लेक म्हणाली होती.

“नमस्कार. बोला,” ती म्हणाली.

“मी बोलतोय.”

“हो. नंबर दिसतो.”

“कशी आहेस?”

“बरी आहे. तुमची तब्येत?”

“ठीक. दुकान कसं चाललंय?”

“समाधानकारक आहे.”

समाधानकारक! ही बाई एकदा माझ्या मावशीच्या सुनेच्या स्वयंपाकावर एका दमात नऊ वाक्यं बोलली होती आणि पाहुणे हसून हसून जेवायचे राहिले होते. मी विचारलं, परत कधी येणार. म्हणाली, “अद्याप ठरवलेलं नाही. ठरल्यावर कळवीन.” एकेक वाक्य धुऊन, इस्त्री करून, घडी घालून.

शेवटी मी म्हटलं, “अगं, रेकॉर्ड करत नाहीये मी. शपथ.”

“मला कसं कळणार?”

पलीकडे कोणीतरी फ्रेमची किंमत विचारत होतं, तिने त्याला शांतपणे सांगितली. मग मला म्हणाली,

“करत नसाल. मी तुम्हाला खोटं ठरवत नाही. पण आता मलाच आधी ऐकू येतं. तोंडाशी काही आलं की वाटतं, हे घेतील का? मग मी गिळते. लेकीशी बोलतानासुद्धा. रविवारी तिच्याकडे मित्रमंडळी येतात, हसतात, खेळतात. मी कोपऱ्यात बसते. परवा तिची एक मैत्रीण तिला म्हणाली, तुझी आई किती अबोल आहे गं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही. अबोल माणूस काय म्हणणार?” आणि मग, “गिऱ्हाईक आहे. ठेवते.”

सगळ्या बोलण्यात ‘अहो’ एकदाही नाही. सतरा प्रकारांतला एकही.

फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला तो लिहितो. इथेही खोटं लिहायचं तर वही कशाला ठेवायची? पहिला विचार असा आला, की काहीच न बोलणारा भिडू बाजारात अजून कोणी काढलेला नाही.

दुसरा विचार यायला संध्याकाळ झाली. तो इथे लिहीत नाही.